आचाऱ्याचा आचार्य झाला, त्याची गोष्ट

मागच्या रांगेत आवाज येतोय ना?

मला बोलावलं तेव्हा विषय दिला होता, 'छोट्या क्रिएटिव्ह कंपनीतलं टीम कल्चर'. हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहितीये. बीन बॅग, टेबल टेनिस, शुक्रवारचा पिझ्झा. आमच्याकडे यातलं काहीही नाही. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा टू बीएचके आहे, लिफ्ट नाही, आणि आम्ही नऊ जण आहोत. आम्ही मुलांची पुस्तकं तयार करतो. म्हणजे चित्रं, मांडणी, छपाईपर्यंतचं सगळं काम. शिवाय त्याच पुस्तकांच्या ऑडिओ आवृत्त्या आणि छोटी ॲनिमेशन. त्या नऊ जणांत इंजिनिअर मी एकटाच. बीटेक झालो, हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत तीन वर्षं काढली, आणि मग इकडे आलो. इंजिनिअर म्हणजे काय, तर फाइल्स साफ करायच्या स्क्रिप्ट मी लिहितो, ॲप मी बघतो, आणि वायफाय बंद पडलं किंवा प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच.

दिवस कसा असतो? हॉलमध्ये एक लांब टेबल, त्याला सात खुर्च्या. एका बेडरूममध्ये भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंगची सोय केलीये. दुसऱ्या बेडरूममध्ये हिशेब, कुरिअरची खोकी आणि ताई. ताई म्हणजे मालकीणबाई, पण त्यांना तसं म्हटलेलं आवडत नाही. अकराला मावशी येतात, चहा होतो. लाइट गेली की इन्व्हर्टरवर चारच मशीन चालतात. मग ज्याची डेडलाइन जवळची त्याला प्लग मिळतो, बाकीचे चहाला. यावरून भांडणं होतात, खरीखुरी. आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की हॉलमध्ये कुणी बोलायचं नाही, खुर्चीसुद्धा सरकवायची नाही. खालून भाजीवाला ओरडला तर टेक पुन्हा. तेव्हा आम्ही सात जण एकाच टेबलाभोवती बसून एकमेकांना व्हॉट्सॲप करत असतो.

मी जॉइन झालो तेव्हा सगळ्यांनी एक वाक्य सांगितलं होतं, 'इथे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे.' मलाही छान वाटलं. आता मला या वाक्याची थोडी भीती वाटते. आपापलं घर आठवून बघा. बाबांवर किती कर्ज आहे हे मला बाबांनी कधी सांगितलं नाही, ते मला आत्याकडून कळलं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एका विषयात नापास झालो होतो, ते आईला अजून माहीत नाही. (हशा) हो, हे रेकॉर्ड होतंय, मला माहितीये. सांगायचा मुद्दा, जवळच्या माणसांपासून आपण काही कमी लपवत नाही. उलट 'त्यांना कशाला त्रास' म्हणून जास्तच लपवतो. छोट्या ऑफिसचंही तसंच होतं. सगळे एका टेबलावर बसतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळे बोलतात.

आता ती गोष्ट. गेल्या वर्षी आमच्याकडे एक चित्रांचं पुस्तक आलं. एका लग्नातल्या आचाऱ्याची गोष्ट, बत्तीस पानं, तीन हजार प्रती. छपाईच्या भाषेत दोन फर्मे, सोळा-सोळा पानांचे. लेखकाचा मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होता, तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणलेला. अशा मजकुरात फार कचरा असतो. डबल स्पेस, उलटसुलट अवतरणचिन्हं, आणि न दिसणारी कॅरॅक्टर्स. ते साफ करायला मी एक स्क्रिप्ट लिहिली होती, आणि मला तिचा अभिमान होता. आधी हाताने दीड दिवस लागायचा, स्क्रिप्टने दोन सेकंद.

त्या न दिसणाऱ्या कॅरॅक्टर्समध्ये एक असतं झीरो विड्थ जॉइनर. रुंदी शून्य. तुम्ही ते रोज वापरता, फक्त तुम्हाला माहीत नसतं. व्हॉट्सॲपवर आई, बाबा आणि मूल असा एकत्र इमोजी येतो ना? तो खरं तर तीन वेगळे इमोजी असतात आणि त्यांना जोडणारा हा मधला अदृश्य धागा असतो. मराठीत त्याचं फार महत्त्वाचं काम आहे. 'सूर्य' लिहिताना र् य च्या डोक्यावर जातो, तो रफार. पण 'दऱ्या' लिहिताना र् डोक्यावर जात नाही, य च्या डाव्या बाजूला छोटी वाकडी रेघ होऊन चिकटतो. दोन्हीकडे र् आणि य. मग कॉम्प्युटरला फरक कसा कळणार? दोन रस्ते आहेत. एक, युनिकोडमध्ये यासाठी ठेवलेला वेगळा ऱ, खाली नुक्ता असलेला. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे हा जॉइनर. कोणता रस्ता वापरला जाईल हे कीबोर्डवर आणि कन्व्हर्टरवर अवलंबून. पानावर दोन्ही सारखेच दिसतात.

आमच्या कन्व्हर्टरने दुसरा रस्ता धरला होता. आणि माझ्या स्क्रिप्टने सगळे जॉइनर कचरा समजून उडवले.

परिणाम काय, तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. आणि 'आचाऱ्यांनी'चं 'आचार्यांनी'. स्वयंपाक करणारे आचारी क्षणात आचार्य झाले. आचार्यांनी वांग्याच्या भाजीत मीठच टाकलं नाही. आचार्यांनी जिलेबीच्या कढईकडे बघून कपाळाला हात लावला. (हशा) हसा, आता मीही हसतो.

तुम्ही म्हणाल, प्रूफ कुणी तपासलं नाही का? तपासलं होतं. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी अगदी काटेकोर तपासलं होतं, पण स्क्रिप्ट चालवायच्या आधी. नंतर आम्ही फक्त चित्रं आणि मांडणी बघितली. आणि खरं सांगायचं तर 'दुसर्या' हे आपण फोनवर इतक्या वेळा वाचतो की नजर आता अडखळतच नाही. माझी तरी नाही अडखळली.

एका व्यक्तीची अडखळली होती. आमची ज्युनिअर डिझायनर. 'माझं नाव घ्यायचं नाही' असं तिने बजावलंय, म्हणून घेत नाही. पानांवर मजकूर बसवायचं काम तिच्याकडे होतं. मंगळवारी तिने 'आचार्यांनी' वाचलं, थांबली, आणि पुढे गेली. गुरुवारी पीडीएफ प्रेसला गेली. सोमवारी ताई रंग बघायला प्रेसमध्ये गेल्या. पहिला फर्मा छापून झाला होता, कागदांची थप्पी लागली होती. त्यांनी वरचं शीट उचललं. लाल रंग बघायला गेलेल्या बाईंनी मजकूर वाचला, हे आमचं नशीब. मला फोन आला. ताई ओरडत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, आपल्या गोष्टीत आचार्य कुठून आले?"

मला कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. चौदा जागा. त्यातल्या नऊ छापून झालेल्या फर्म्यात.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तिथे ही उभी होती. म्हणाली, "दादा, मला ते मंगळवारीच दिसलं होतं." माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आठवून आजही लाज वाटते. मी म्हटलं, "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?" ती शांतपणे म्हणाली, "तूच म्हणाला होतास ना, स्क्रिप्टमधून आलं असेल तर बरोबर आहे."

म्हणालो होतो. महिनाभर आधी तिने मला एका ओळीबद्दल विचारलं होतं. मी कानातले हेडफोनही काढले नव्हते. स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणालो होतो, "स्क्रिप्टमधून आलंय ना? मग बरोबर आहे." त्या वेळी बरोबर होतंही. टेबलावरचे दोघेतिघे हसले होते. मी ते वाक्य पाच मिनिटांत विसरलो. तिने ते महिनाभर सांभाळून ठेवलं होतं. माझ्या दृष्टीने आमच्या ऑफिसात कुणीही कुणालाही काहीही बोलू शकत होतं, कारण मला कुणीही कधी अडवलं नव्हतं.

संध्याकाळी ताई परत आल्या. रेकॉर्डिंग थांबवलं, सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं, आणि प्रकाशकांना स्पीकरवर फोन लावला. "चूक आमच्याकडून झालीये. पहिला फर्मा पुन्हा छापायचा खर्च आमचा. पुस्तकाला बारा दिवस उशीर होईल." प्रकाशक बरंच बोलले. त्यांचंही बरोबर होतं, त्यांनी एका शाळेला तारीख दिली होती. त्यांनी शुद्धिपत्र लावायचं का असं विचारलं, तर ताई म्हणाल्या, सात वर्षांचं मूल शुद्धिपत्र वाचत नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी आकडा सांगितला. कागद, प्लेटा, छपाई मिळून चाळीस हजारांच्या वर. आमच्यासारख्या ऑफिसला हा आकडा छोटा नाही.

कुणाचं नाव घेतलं नाही. मीच म्हटलं, माझ्या पगारातून कापा. त्या म्हणाल्या, "कापते. पण मग पुढच्या वेळी तू मला सांगशील का?" मी गप्प. "नाही सांगणार. आणि ही पण नाही सांगणार. मग मला प्रेसमध्ये जाऊन कळेल, नाहीतर दुकानात." नाही कापले.

एमी एडमंडसन नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापक आहेत. त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या टीमचा अभ्यास केला होता, औषध देताना होणाऱ्या चुकांवर. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या चुका जास्त दिसत होत्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, त्या सांगत जास्त होत्या. कॉर्पोरेटवाल्यांनी यावर एवढी ट्रेनिंगं काढली आहेत की मला त्या शब्दाचाच कंटाळा आलाय. पण त्या आठवड्यात मी ते पुन्हा वाचलं, आणि आमच्याकडे त्या वर्षात किती चुका कानावर आल्या ते मोजून बघितलं. तीन. नऊ माणसं, वर्षभर काम, तीन चुका. हे शक्यच नाही.

ताईंना हे सुचलं कसं, असं तुम्हाला वाटेल. त्या काही जन्मतः शहाण्या नव्हत्या. त्यांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने भोगली होती. आदल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका मोठ्या क्लायंटने आमचं बिल अडकवलं. छोट्या उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यात म्हटलंय की करार काहीही असो, सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर व्याजासकट. कायदा चांगला आहे. पण ज्या क्लायंटकडून पुढचं काम हवंय त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हात उचलत नाही. शिवाय बिल काढलं की त्यावरचा जीएसटी भरावाच लागतो, पैसे आले असोत नाहीतर नसोत. म्हणजे न आलेल्या पैशांवरचा कर तुम्ही खिशातून भरता. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

ताईंनी आम्हाला काहीही सांगितलं नाही. एक तारीख गेली, पगार नाही. दोन गेली. विचारलं की, "बँकेत काहीतरी प्रॉब्लेम आहे." आम्ही नऊ... नाही, तेव्हा आम्ही दहा होतो. आम्ही दहा जणांनी जिन्यात उभं राहून दहा कथा रचल्या. कंपनी विकतायत. ताई आजारी आहेत. कुणीतरी पैसे घेऊन पळालं. पगार नऊ दिवस उशिरा झाला, पूर्ण झाला. नंतर कळलं की त्यांनी दागिने ठेवून कर्ज काढलं होतं. पण तोवर आमच्या सगळ्यात चांगल्या ॲनिमेटरने घाबरून दुसरीकडे होकार कळवला होता. त्याच्या घरी बाळ होतं. त्याने जाताना ताईंना सांगितलं, "नऊ दिवसांचं काही नाही हो ताई. नऊ दिवस उसने घेऊन चालवले असते. पण ते नऊ आहेत की नव्वद, हे कळत नव्हतं."

त्यानंतर हॉलमध्ये एक पांढरा फळा आला. दर महिन्याच्या पाच तारखेला ताई त्यावर एकच आकडा लिहितात. नवीन पैसा आला नाही, तर बँकेत किती महिन्यांच्या पगाराचे पैसे आहेत. पहिल्यांदा लिहिला तेव्हा आकडा होता दीड. पोटात गोळा आला. मी तो घरी सांगितला ही माझी चूक. आईचं तेव्हापासून सुरू आहे, "हिंजवडीत काय वाईट होतं?" स्थळं बघताना माझ्या बायोडेटावर कंपनीचं नाव वाचून लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" त्यावर 'दीड' हे उत्तर चालत नाही.

आणि फळ्याचे तोटे आहेत, ते लपवणार नाही. एक मुलगी इंटरव्ह्यूला आली होती, काम सुंदर होतं तिचं. फळा बघितला, विचारलं हे काय, आम्ही सांगितलं. दुसऱ्या दिवशी नकार आला. आकडा खाली गेला की आठवडाभर हॉलमध्ये कुणी मोठ्याने हसत नाही. मी स्वतः दोनदा ताईंना म्हटलंय, तीनच्या खाली असेल तेव्हा लिहू नका. त्या म्हणाल्या, "तीनच्या वर असतो कधी?"

तर आचाऱ्याकडे परत. स्क्रिप्टची दुरुस्ती एका ओळीची होती. जॉइनर काढायचा नाही, बस्स. त्याच्या जोडीला एक टेस्ट हवी होती. काही शब्द स्क्रिप्टमधून घालायचे आणि तसेच बाहेर येतात का बघायचं. ते शब्द मला सुचेनात. दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना, पुढे काय? ज्युनिअरकडे गेलो. हेडफोन काढून, हे मुद्दाम सांगतो. आधी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि ते काही ठीक नव्हतं, दोघांनाही कळत होतं. शब्दांची यादी मात्र तिने दोन दिवसांत आणून दिली. अडतीस शब्द. तऱ्हा, कऱ्हाड, बिऱ्हाड, न्याहारी, कैऱ्या, पायऱ्या. 'न्याहारी' त्यात कशाला, तर ती म्हणाली, "त्यात रफार नको, वाकडी रेघ पण नको, काहीच नको. काहीच न करणं पण तुझ्या स्क्रिप्टला जमतंय का बघ." ही टेस्ट करायचं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. आता स्क्रिप्टनंतर ताजा प्रिंट काढतो आणि दुपारी कुणीतरी मोठ्याने वाचतं. मावशी थांबून ऐकतात. एकदा त्यांनीच सांगितलं, "शिऱ्यात आधी रवा भाजतात, मग पाणी. तुमच्या चित्रात उलटं आहे." चित्र बदललं.

ती एकदम धीट झाली, टेबलावर हात आपटून बोलायला लागली, असं काही झालं नाही. सिनेमात होतं तसं. तिला चूक दिसली की अजूनही ती समोर बसून मला व्हॉट्सॲपच करते. सुरुवातीला 'एक विचारू का?' असा मेसेज यायचा आणि मग दहा मिनिटं काहीच नाही. आता थेट स्क्रीनशॉट येतो, त्यावर लाल गोल. मी फक्त एक नियम स्वतःला घातलाय, की पहिला शब्द 'दाखव' असेल. महिन्यातून दोनदा तरी तो मोडतो. मागच्या आठवड्यातच मोडला. रात्री साडेनऊ वाजले होते, ॲपचा बिल्ड पडत होता, आणि तिने लाल गोल पाठवला. मी लिहिलं, 'आत्ता नको प्लीज'. चूक खरी होती. सकाळी दुरुस्त केली.

जानेवारीत तिने ताईंना सांगितलं की ती एनआयडीच्या मास्टर्ससाठी प्रयत्न करतेय. मिळालं तर जूननंतर जाईल. असं कुणी आधी सांगत नाही हो. लोक ऑफर लेटर हातात आल्यावर सांगतात, हिंजवडी सोडताना मीही तेच केलं. ताईंनी एक मिनिट काही म्हटलं नाही, मग पोर्टफोलिओ बघायला मागितला. आता शनिवारी दुपारी आम्ही तिघंचौघं तिच्या मुलाखतीची तयारी करून घेतो. मला चित्रातलं काही कळत नाही, म्हणून मी बावळट प्रश्न विचारायचं काम करतो. ती गेली तर मला फार अवघड जाणार आहे, ते मी तिला सांगितलेलं नाही. आता हे ऐकून कळेल.

म्हणजे जूनपासून आम्हाला एक डिझायनर लागणार आहे. तुमच्यात कुणी असेल तर या. दोन जिने चढावे लागतील, पगार हिंजवडीपेक्षा कमी आहे, प्लगसाठी भांडावं लागेल. आत आलं की डाव्या भिंतीवर फळा आहे, तो वाचूनच खुर्चीत बसा. या महिन्याचा आकडा सव्वादोन आहे.

प्रश्न असतील तर विचारा.